साहस कशास म्हणावे?

खेळासारखा विषय एखाद्या धर्मगुरूने लेखनासाठी निवडावा, याचे काही वाचकांना नवल वाटेल. वास्तविक तसे वाटण्याचे कारण नाही. संत थॉमस ॲक्वायनस यांनी आपल्या ‘सुम्मा’ या महाग्रंथात खेळाच्या बाबतीत सद्गुण संभवतो काय, हा प्रश्न उपस्थित केला आहे आणि संभवतो, असेच त्याचे उत्तर दिले आहे. सदैव ताणून ठेवलेले धनुष्य अखेर मोडते आणि मनाचीही तीच गत होते, हा संत योहानाच्या नावे सांगितला जाणारा दाखलाही त्यांनी तेथे नमूद केला आहे. तेव्हा मुलांनी खेळावे की खेळू नये, ही चर्चा आम्ही येथे करणार नाही. ती पालकसभांतून पुष्कळ होते. आमचा आजचा प्रश्न दिसायला त्याहून लहान आहे. परंतु जसजसा आम्ही त्याचा विचार करीत गेलो, तसतसा तो आम्हांला लहान वाटेनासा झाला.

संगणकावरील खेळांत ‘ॲडव्हेंचर गेम’ नावाची एक जुनी जात आहे. आपण तिला साहसखेळ म्हणू. या जातीत असे काही खेळ मोडतात, की ज्यांत ना युद्ध, ना पाठलाग. खेळणारा एका निर्मनुष्य प्रदेशात एकटाच हिंडतो, यंत्रे न्याहाळतो, जुन्या वह्या वाचतो, आवाज ऐकतो आणि एकामागून एक कोडी सोडवीत पुढे सरकतो. अशा खेळास साहसखेळ म्हणावे काय? आमच्या धर्मग्रामातील तरुणांच्या दोन तटांत यावरून झालेला वाद आमच्या कानी आला. एका पक्षाचे म्हणणे, की १९९३ साली निघालेला ‘मिस्ट’ हा या जातीचा मुकुटमणी आहे. दुसऱ्या पक्षाचे म्हणणे, की त्यात साहस औषधालाही नाही. नुसती कोडीच सोडवायची असतील तर रविवारच्या पुरवणीतील शब्दकोडे काय वाईट? हा केवळ शब्दांचा वाद, असे म्हणून अशा प्रश्नाची बोळवण करण्याची आपल्याकडे रीत आहे. सेमिनरीत आम्हांला नेमके उलट शिकविले गेले. आधी शब्द तपासा, मग वाद घाला, असे आमचे तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक सांगत असत.

आपल्या भाषेतील ‘साहस’ हा शब्द ‘सहस्’ म्हणजे बळ यापासून आला. प्राचीन धर्मशास्त्रात तर साहस हे गुन्ह्याचे नाव होते. मनुस्मृतीत खटल्यांची जी अठरा प्रकरणे सांगितली आहेत, त्यांत साहस हे एक आहे. बळजोरीने, उघडउघड केलेले दुष्कृत्य असा त्याचा तेथे अर्थ. पुढे शब्दाला प्रतिष्ठा आली, तरी मूळचा वास पुरता गेलेला नाही. ‘उगाच भलते साहस करू नकोस,’ असे आई मुलाला बजावते, तेव्हा तिच्या बोलण्यात तो जुना अर्थ असतोच. साहस म्हटले, की मराठी मनाला धाडस दिसते, अंगावर घेतलेले संकट दिसते. या मापाने मोजले तर कोड्यांचे खेळ पहिल्याच पावलाला बाद होतात.

‘ॲडव्हेंचर’ या शब्दाचे कुळ निराळे आहे. तो लॅटिन ‘आद्व्हेनिरे’ या क्रियापदावरून आला. त्याचा अर्थ येणे, येऊन पोहोचणे. ‘आद्व्हेंतुरा’ म्हणजे जे यावयाचे आहे ते, जे पुढ्यात वाढून ठेवलेले आहे ते. नाताळापूर्वीच्या चार रविवारांच्या ज्या काळाला आपण आगमनकाळ म्हणतो, त्या ‘ॲडव्हेंट’ शब्दाचे मूळही हेच. भाषांतर करताना हा फरक हातून निसटतो, आणि मग आपण त्या खेळांत केवळ धाडस शोधू लागतो.

या शब्दसंबंधाला एक गमतीदार पुरावाही आहे. संगणकावरील पहिला साहसखेळ अमेरिकेतील विल क्राउदर या गृहस्थांनी १९७५-७६ च्या सुमारास रचला. त्याचे नावच ‘ॲडव्हेंचर’. ज्या पीडीपी-१० जातीच्या संगणकावर तो लिहिला गेला, त्यावर फाइलचे नाव सहा अक्षरांहून मोठे ठेवता येत नसे. म्हणून इंग्रजी नावातील पहिली सहा अक्षरे तेवढी घेतली गेली आणि फाइलचे नाव पडले ‘ॲडव्हेंट’. विद्यापीठांतील किती विद्यार्थी तेव्हा आगमनकाळाचे नाव टंकून बुटक्यांच्या आणि चाच्यांच्या गुहेत शिरले असतील! यात दैवी संकेत शोधण्याचा मोह आम्ही आवरतो.

हे क्राउदर मॅसॅच्युसेट्स राज्यातील एका नामांकित कंपनीत प्रोग्रामर होते. इंटरनेटचे पूर्वज म्हणता येईल असे ‘आर्पानेट’ नावाचे जाळे उभारणाऱ्यांपैकी ते एक. त्यांचा छंद मात्र जमिनीखालचा होता. केंटकी राज्यात मॅमथ केव्ह नावाची प्रचंड गुहा आहे. ज्ञात गुहांमध्ये ती जगात सर्वांत लांब. क्राउदर आणि त्यांच्या पत्नी तिच्या भुयारांची मोजणी करून नकाशे तयार करणाऱ्या मंडळींत होते. शेजारची फ्लिंट रिज गुहा आणि मॅमथ केव्ह या आतून जोडलेल्या आहेत, हे १९७२ साली ज्या पथकाने सिद्ध केले, त्यात क्राउदरबाई होत्या. पुढे हा विवाह मोडला. त्यानंतर क्राउदर यांनी ओळखीच्या गुहेचे वर्णन शब्दांत उतरवून, आपल्या मुलींनाही खेळता येईल असा हा खेळ तयार केला. चित्र एकही नाही. पडद्यावर वर्णनाच्या ओळी उमटत आणि खेळणाऱ्याने एकदोन शब्दांत आज्ञा टंकायची: उत्तरेस जा, दिवा घे. १९७७ मध्ये स्टॅनफर्ड येथील डॉन वुड्स यांनी त्यात खजिन्यांची व कोड्यांची मोठी भर घातली. २००७ साली डेनिस जेर्झ या अभ्यासकाने क्राउदर यांची मूळ प्रत आणि केंटकीतील प्रत्यक्ष गुहा यांचा तौलनिक अभ्यास प्रसिद्ध केला, तेव्हा खेळातील वाटांचा मोठा भाग खऱ्या भुयारांबरहुकूम असल्याचे दिसून आले.

या पहिल्या खेळात माणसाला काय करावे लागे? बहुतांशी हिंडावे लागे आणि कागदावर नकाशा काढावा लागे. एके ठिकाणी सर्व दालने हुबेहूब सारखी असलेला चकवा होता. त्यात खेळणारे जवळची एकेक वस्तू एकेका दालनात टाकून खूण करीत आणि मग वाटा ओळखीत. संवाद म्हणावा असा जवळजवळ नाहीच. एका सापाने वाट अडविली आहे, त्याला पिंजऱ्यातला पक्षी सोडून पळवायचे; पण हातात काठी असेल तर पक्षी घाबरून पकडूच देत नाही, असली कोडी होती. तेव्हा मूळपुरुषाकडे बोट दाखवायचे झाले, तर भटकंती आणि कोडी हीच या घराण्याची जुनी मिळकत आहे. गोष्टीतील पात्रे, विनोदी संभाषणे, नाट्यमय प्रसंग ही नंतरची कमाई. अर्थात मूळ सांगितले म्हणजे निवाडा झाला, असे आम्ही मानीत नाही. ओकाचे फळ पाहून ओकाच्या सावलीची कल्पना येत नाही.

आता विरोधी पक्षाची बाजू नीट मांडली पाहिजे, कारण ती पोरकट नाही. ते तीन गोष्टी मागतात. साहसखेळात जिवावरचे संकट हवे. त्यात भेटणारी, बोलणारी माणसे हवीत. आणि प्रवाशाच्या खांद्याला एक पिशवी हवी, म्हणजे वाटेत सापडलेल्या वस्तू गोळा करून त्या योग्य जागी वापरता येतील. ‘मिस्ट’मध्ये यांपैकी काहीच धड नाही. तेथे मरण नाही. बेटे ओसाड आहेत. आणि हातात एका वेळी एकच कागद धरता येतो.

पण या तिन्ही अटी कठोरपणे लावू गेल्यास पंचाईत होते. १९८४ च्या ‘किंग्ज क्वेस्ट’मध्ये नायक पावलोपावली मरतो, हे खरे. परंतु १९९० चा ‘मंकी आयलंड’ घ्या. तो अस्सल साहसखेळ आहे, याबद्दल दोन्ही पक्षांचे एकमत आहे. त्यात चाचेगिरी शिकू पाहणारा नायक जवळजवळ मरूच शकत नाही. त्याला दहा मिनिटे श्वास रोखून धरता येतो, आणि खेळणाऱ्याने त्याला मुद्दाम त्याहून अधिक वेळ पाण्याखाली बसवून ठेवले तरच तो दगावतो. म्हणजे मरण ही अट गेली. बोलणारी माणसे ही अट धरली, तर खुद्द क्राउदर यांचा खेळच, ज्याने या जातीला नाव दिले, तो जातीबाहेर टाकावा लागेल. पिशवीविषयी आम्ही अधिक काही बोलत नाही. खांद्यावरच्या सामानावरून प्रवासी ओळखणे हे स्टेशनवरच्या हमालाचे काम.

येथे लुडविग विट्गेनस्टाइन आठवतात. त्यांच्या मृत्यूनंतर १९५३ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात त्यांनी नेमके ‘खेळ’ याच शब्दाचे उदाहरण घेतले आहे. पटावरचे खेळ, पत्त्यांचे, चेंडूचे, एकट्याने खेळायचे, सर्वांना खेळ म्हणतात. पण सर्वांत समान असा एक गुण शोधू लागाल तर सापडणार नाही. एका कुटुंबातील माणसांचे जसे असते, कोणाचे नाक मिळते, कोणाची चाल मिळते, तसे हे साम्य असते. हे आम्हांला पटते. लग्नसमारंभात एखाद्या अनोळखी मुलाकडे पाहून ‘हा अमक्यांच्या घरातला’ असे आपल्या आजीबाई अचूक सांगतात, त्या काही व्याख्या पाठ करून आलेल्या नसतात.

मात्र एवढ्यावर थांबणे म्हणजे प्रश्न सोडून देणे होय. कारण कुटुंबाचा दरवाजा असा सताड उघडा ठेवला, की ‘सेव्हन्थ गेस्ट’ही आत येऊन बसतो. हा खेळही १९९३ चाच. एका खेळणी बनविणाऱ्याचा झपाटलेला वाडा. खेळणारा त्यात दालनामागून दालन हिंडतो. पण प्रत्येक दालनात काय, तर एक सुटे कोडे मांडून ठेवलेले. केकचे असे तुकडे करा, की प्रत्येकात कवट्या आणि थडगी सारख्याच संख्येने येतील. बुद्धिबळाच्या पटावर आठ वजीर असे ठेवा, की कोणी कोणाला मारू नये. आठ वजिरांचे कोडे एकोणिसाव्या शतकापासून प्रसिद्ध आहे. ते सोडवायला वाड्यात कशाला जायला हवे? घरी चटईवर बसून ते सुटते, आणि सुटल्यावर त्या वाड्याविषयी, तेथे काय घडले त्याविषयी, तसूभरही अधिक कळत नाही. कोडे आणि जग यांचा येथे काही संबंध नाही. वाटेत कुलूप लावायचे, म्हणून लावले. अशा खेळास आम्ही साहसखेळ म्हणणार नाही, मग त्यात कितीही भुते नाचोत.

दुसऱ्या टोकाची एक चूक आहे, ती तर अस्सल म्हणविणाऱ्या साहसखेळांनीच केली. जेन जेन्सन यांचा ‘गॅब्रिएल नाइट’ मालिकेतील तिसरा खेळ १९९९ साली आला. कथा फ्रान्समधील रेन-ल-शातो या गावी घडते. त्यात माणसे आहेत, संवाद आहेत, पिशवीही भरलेली आहे. नायकाला एक मोपेड भाड्याने हवी असते आणि त्यासाठी त्याला आपल्या मित्राचे सोंग घ्यावे लागते. आता यातील युक्ती ऐका. एका भोकाला चिकटपट्टी लावायची, त्यातून मांजराला पळवायचे, पट्टीला लागलेले केस गोड पाकाने ओठावर चिकटवून मिशा करायच्या. आणि ज्या मित्राचे सोंग घ्यायचे, त्याला मिशाच नाहीत! त्याच्या पारपत्रावरील छायाचित्राला पेनाने मिशा काढायच्या. हे कोणा समंजस माणसाला सुचेल? येथे खेळणारा जगाचा विचार करीत नसतो. कोडे रचणाऱ्याच्या डोक्यात काय असेल, याचा अंदाज बांधीत असतो. आणि गंमत अशी, की याच खेळात परिसराच्या नकाशावर एका जुन्या हस्तलिखिताच्या आधाराने रेषा आणि आकृत्या काढीत जाण्याचे एक दीर्घ कोडे आहे, ज्याची गणना जाणकार आजही उत्तमांत करतात. एकाच खेळातील ही दोन कोडी शेजारी ठेवून पाहिली, की आमचा मुद्दा ध्यानी येईल. संख्या किती, यावरून काही ठरत नाही. कोडे त्या जगाच्या पोटातून आले आहे, की बाहेरून आणून अडकविले आहे, हे पाहावे लागते.

‘मिस्ट’ रँड आणि रॉबिन मिलर या दोन भावांनी केला. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातील स्पोकेन येथे त्यांची सायन नावाची लहानशी संस्था होती. त्यांचे वडील धर्मोपदेशक. जूल व्हर्न यांच्या रहस्यमय बेटाच्या कादंबरीवरून त्यांनी नाव घेतले. स्थिर चित्रे एकापुढे एक मांडून केलेला हा खेळ. निंदकांनी त्याला चित्रफितींचा मॅजिक लँटर्न म्हटले, तरी त्याच्या साठ लाखांहून अधिक प्रती खपल्या आणि २००२ पर्यंत संगणकावरील सर्वाधिक खपाचा खेळ हा मान त्याच्याकडे राहिला. खप हे गुणाचे प्रमाण नव्हे, हे आम्ही जाणतो. पण लाखो घरांत माणसे वही-पेन्सिल घेऊन पडद्यासमोर बसली, आवाज कान देऊन ऐकू लागली, ही घटना दुर्लक्ष करण्याजोगी नाही. एका जगात फिरता किल्ला आहे. तो ज्या ज्या दिशेला वळतो, त्या दिशेचा म्हणून एक विशिष्ट ध्वनी उमटतो. दुसऱ्याच जगात भुयारातून गाडी न्यायची असते, तेथे अंधारात हेच ध्वनी दिशा सांगतात. ज्याने पहिल्या जागी नीट ऐकले, त्याला दुसऱ्या जागी वाट सापडते.

त्याच भावांचा १९९७ चा ‘रिव्हन’ याहून पुढे गेला. आमच्या मते या प्रकारातील तो सर्वोत्तम. त्यातील एक प्रसंग थोडा विस्ताराने सांगितल्यावाचून आम्हांला राहवत नाही. रिव्हन हा बेटांचा समूह. त्यावर गेन नावाचा एक जुलमी माणूस देव बनून राज्य करतो. गावातील लोक परक्याची चाहूल लागताच दारे लावून घेतात. प्रवासी एका ओस पडलेल्या शाळेत शिरतो. तेथे मुलांचे एक खेळणे आहे. दोन बाहुल्या तारेला टांगलेल्या, आणि खाली आ वासलेला एक अक्राळविक्राळ मासा. खेळणे फिरवले, की एक अनोळखी चिन्ह दिसते आणि बाहुली काही घरे खाली उतरते. पुन्हा फिरवा, दुसरे चिन्ह, निराळी घरे. हळूहळू उमगते, की ही चिन्हे म्हणजे तेथले अंक आहेत. एक, दोन, तीन असे मोजता मोजता बाहुली माशाच्या तोंडात जाते. बेटावरची मुले अशी अंक शिकतात! पुढे चिन्हांची घडण पाहून मोठे अंक आपणच ताडायचे असतात. एकाचे चिन्ह आडवे केले की पाच होतात, आणि सगळी मांडणी पंचवीसच्या पटीवर चालते. हे अंक ज्याला वाचता येतात, त्यालाच गेनच्या रोजनिशीतील कुलपाचा आकडा लावता येतो.

येथे कोडे कोणते आणि गोष्ट कोणती, हे वेगळे काढून दाखवा पाहू. अंक शिकताना प्रवासी एक भयंकर गोष्ट शिकलेला असतो: या राज्यात माणसे माशाला घातली जातात, आणि मुलांना ते अंकलिपीबरोबर शिकविले जाते. गावाजवळच्या पाण्यावर तसाच खरा फास उभारलेला त्याला दिसतो, तेव्हा तो समजण्यासाठी कोणाच्या भाषणाची गरज उरत नाही. आम्ही वर्गात कॅटेकिझम शिकविणाऱ्या माणसांपैकी आहोत. शाळेतील एका खेळण्यातून अख्ख्या राजवटीची नीती कशी उघडी पडते, हे आम्हांला त्या ओसाड खोलीत जितके लख्ख दिसले, तितके पुष्कळ जाडजूड पुस्तकांत दिसले नव्हते.

परंतु ‘येणे’ हा जर शब्दाचा गाभा, तर या खेळांत काय येते, असे कोणी विचारील. तेथे कोणी चालून येत नाही, प्रवासीच जातो. आमचे उत्तर असे, की तेथे समजूत येते, आणि ती हुकमाने आणता येत नाही. फ्रेंच विदुषी सिमोन वेल यांनी शालेय अभ्यासाविषयी लिहिलेल्या निबंधात भूमितीच्या प्रमेयाचे उदाहरण घेतले आहे. तासभर लक्ष एकवटूनही ते सुटले नाही, तरी ते अवधान वाया जात नाही, असे त्यांचे प्रतिपादन आहे. कोड्यापुढे बसलेल्या माणसाची अवस्था अशीच असते. यंत्राच्या कळा अंदाधुंद दाबून ते सुटत नाही. दूर व्हावे, एक फेरी मारावी, पुन्हा पाहावे. आणि एखाद्या वेळी भात वाढताना अचानक ध्यानी येते, की तो आवाज आपण आधी ऐकला होता.

याहून अवघड आक्षेप पुढेच आहे. एव्हरेस्टची वाट १९५३ पासून सर्वांना ठाऊक आहे. तरी जो चढतो त्याचे साहस कमी होत नाही. ‘मिस्ट’चे तसे नाही. त्याचे अखेरचे रहस्य पहिल्याच बेटावर आहे. शेकोटीजवळची खूण आणि तळघराचे कुलूप ज्याला आधीच ठाऊक असेल, तो इतर जगांत पाऊलही न टाकता काही मिनिटांत खेळ संपवू शकतो. अलीकडचा, २०१९ चा ‘आउटर वाइल्ड्स’ही असाच. त्यात दर बावीस मिनिटांनी सूर्याचा स्फोट होऊन सारे पूर्ववत होते. प्रवाशाकडे उरते ते केवळ जे कळले ते. मग जे साहस कानात पुटपुटलेल्या चार वाक्यांनी संपते, ते कसले साहस? उत्तरांची पुस्तके तर तेव्हाही बाजारात मिळत. (उत्तर चोरून पाहिले, असे पापनिवेदनाच्या वेळी कोणी आम्हांला सांगितले आहे काय, असे एका खट्याळ मुलाने विचारले होते. सांगितले असते तरी आम्हांला बोलता आले नसते, हे त्याला कळायला हवे.)

या आक्षेपाचा विचार करताना ‘मिस्ट’ची कथा पुढे ठेवावी लागते. ग्रंथालयात लाल आणि निळे अशी दोन पुस्तके आहेत. एकात सिरस नावाचा भाऊ अडकलेला, दुसऱ्यात ॲकनार नावाचा. दोघेही म्हणतात, आपण निर्दोष आहोत. वडिलांवर आणि आपल्यावर हे संकट दुसऱ्याने आणले. आधी त्यांचे बोलणे तुटक, खरखरीत ऐकू येते. प्रवासी चार जगांतून त्यांची हरवलेली पाने एकेक करून आणून देतो, तसतसे ते स्पष्ट होत जाते. त्या जगांत दोघांच्याही खोल्या आहेत. एकाच्या खोलीत लुटीचे ऐश्वर्य, दुसऱ्याच्या खोलीत माणसाला पीडा देण्याची साधने. कोणी पंच नाही, कोणी साक्षीदार समोर येत नाही. खोल्या तेवढ्या आहेत, आणि त्या पाहणारा आहे. शेवटी ठरवायचे असते, कोणावर विश्वास टाकायचा. ज्या भावाला सोडवावे, तो बाहेर पडतो आणि त्याच्या जागी प्रवासी पुस्तकात कायमचा कोंडला जातो. योग्य निर्णय एकच: दोघांपैकी कोणावरही विश्वास ठेवायचा नाही, वडिलांकडे जायचे. आणि तेथेही रिकाम्या हाताने गेल्यास वडिलांसह अडकून पडायचे.

आता तो उत्तर पाठ करून आलेला खेळाडू आठवा. त्याने नेमका बरोबर निर्णय घेतला. पण त्याने दोन माणसांना दोषी धरले ते कशाच्या आधारावर? कोणीतरी सांगितले म्हणून. त्यांच्या खोल्या त्याने पाहिल्या नाहीत, त्यांचे म्हणणे शेवटपर्यंत ऐकले नाही. निकाल खरा असूनही तो निकाल देण्याचा अधिकार त्याला आलेला नव्हता. आपल्या गावांतून, आळींतून, प्रार्थना संपवून बाहेर पडल्यावर चर्चच्या पायऱ्यांवर सुद्धा, माणसांविषयी निवाडे असेच ऐकीव माहितीवर होतात, आणि पुष्कळदा ते बरोबरही निघतात. म्हणून तर ती सवय सुटत नाही. ‘मिस्ट’मधील लांबचा प्रवास करणारा माणूस त्याच निष्कर्षाला येतो, पण तो जाऊन, पाहून, ऐकून आलेला असतो. या दोघांमध्ये जो फरक आहे, त्यालाच आम्ही साहस म्हणतो. एव्हरेस्टची वाट सांगून चढाई होत नाही, तशी ही वाटही सांगून चालली जात नाही. सांगितल्याने फक्त शिखरावरचे छायाचित्र हाती येते.

तेव्हा त्या तरुणांच्या वादात आमचा कौल पहिल्या पक्षाला आहे, पण त्यांनी दिलेल्या कारणांसाठी नव्हे. कोडी पुष्कळ आहेत म्हणून खेळ थोर ठरत नाही, आणि शांत आहे म्हणून हलकाही ठरत नाही. ‘सेव्हन्थ गेस्ट’ आम्ही बाहेर ठेवला, मांजराच्या मिशाही बाहेर ठेवल्या. ‘रिव्हन’ला मात्र मानाचे स्थान देतो. २०१६ च्या ‘विटनेस’ या जोनाथन ब्लो यांच्या खेळाविषयी आमचे मन अजून द्विधा आहे. त्याच्या बेटावर रेषा ओढायची पाचशेहून अधिक कोडी आहेत आणि शिकवायला एक शब्द नाही. माणसाला पाहायला शिकविणारा असा दुसरा खेळ आम्हांला ठाऊक नाही. परंतु पाहिल्यावर ज्याच्याविषयी काही ठरवावे, असे त्या बेटावर कोणी नाही.

‘मिस्ट’चा शेवट पुष्कळांना रुचला नाही. प्रवासी वडिलांना, ॲट्रसला, हवे ते पान नेऊन देतो. ते जातात, परततात, आभार मानतात, आणि हवे तितके हिंडा, एवढेच सांगतात. बक्षीस नाही, वाजंत्री नाही, पडद्यावर ‘समाप्त’ असे शब्दही येत नाहीत. प्रवासी ग्रंथालयात परत येतो. जेथे लाल आणि निळे पुस्तक होते, तेथे आता फक्त जळल्याच्या काळ्या खुणा आहेत. बापाने काय केले, ते कोणी सांगत नाही. २००४ च्या चौथ्या भागात त्या खुणांचा थोडा सौम्य अर्थ लावला गेला. पण १९९३ साली ज्याने त्या प्रथम पाहिल्या, त्याला तो आधार नव्हता. बाहेर लाटांचा आवाज चालू असतो, आणि बेट पुन्हा फिरायला मोकळे असते.